सात ट्यूलिप

त्सोंकाच्या जिभेला हाड नव्हतं. "हे घर आहे की गोदाम?" असं घरमालकाच्या तोंडावर म्हणायची आणि बाह्या सरसावून कामाला लागायची. तरुणपणी अठरा वर्षं तिने प्लोव्दिव शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे पुतळ्यांना कोट चढवले होते. दुकान बुडालं, पुतळे भंगारात गेले, तेव्हा तिने लोकांची घरं सजवायला घेतली. राहण्यासाठी नव्हे हं, विकण्यासाठी! भिंतीवरचा गालिचा उतरवायचा, औषधांच्या बाटल्या लपवायच्या, गाडीतून आपल्या पांढऱ्या चादरी, मोठा आरसा, लिंबांचं ताट आणून मांडायचं. गिऱ्हाइकाला आत पाऊल टाकताच वाटलं पाहिजे की हे माझंच घर. "दुसऱ्या कुणाचं थोबाड दिसलं की खेळ खलास," असं ती म्हणायची.

स्तामेनकाकांच्या घरात ते थोबाड जिकडेतिकडे होतं. त्यांची बायको मिन्का सप्टेंबरात गेली. दारावर काळी फीत, दिवाणखान्यात काळ्या पट्टीचा फोटो, पलंगाच्या कडेला तिच्या सपाता. आधी तीन गिऱ्हाइकं येऊन उंबऱ्यावरूनच परत फिरली होती. मेलेल्या माणसाच्या घरात कोण हौसेने संसार थाटणार?

आणि घर विकलं जाणं भागच होतं. काकांनी जन्मभर विजेच्या तारांवरची ट्रॉलीबस चालवली, अख्खं गाव त्यांच्या पायाखालचं. पण हिवाळ्यात खुबा मोडला. इमारत जुनी, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. तेव्हापासून काका गॅलरीतून दोरीने टोपली खाली सोडायचे आणि कोपऱ्यावरची दुकानदारीण तीत पाव ठेवायची. शंभर दिवसांत त्यांनी रस्त्यावर पाय ठेवला नव्हता. जवळच्या आसेनोवग्राद गावी बहिणीच्या शेजारी तळमजल्याची एक खोली मिळत होती, पुढे हातभर अंगणासकट. त्या खोलीचा मालक सोमवारपर्यंत थांबणार होता. आज शनिवार.

"काका, हा फोटो निघणार," त्सोंका म्हणाली.

"तो राहू दे, पोरी."

"मग तुम्हीही राहा इथेच. दोरी आहे, टोपली आहे. मजा करा!"

तिने दारावरची फीत सोडवली, फोटो उतरवला आणि स्वयंपाकघरामागच्या कोठीत, लोणच्याच्या बरण्यांमध्ये उभा करून ठेवला. सपाता पिशवीत घातल्या. दोरीसुद्धा लपवली. काका खुर्चीत बसून पाहत होते, आणि त्सोंकाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून ती जास्तच जोरात फडकं मारत होती.

दहा वाजता तिने शेवटची गोष्ट मांडली. टेबलावर काचेच्या भांड्यात सात पिवळे ट्यूलिप. मोजून सात. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम. सम फुलं फक्त मेलेल्याला. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कॉफी मंद आचेवर ठेवली, वास घरभर पसरू दिला. मग गाडीतून दिव्याची शेड आणायला ती चार जिने उतरली आणि धापा टाकत परत चढली. त्या दहा मिनिटांत काका घरात एकटे होते.

घर दाखवताना मालकाने घरात थांबायचं नाही, हा तिचा नियम. पण या माणसाला ती घालवणार कुठे? तिने त्यांना गॅलरीत स्टुलावर बसवलं. "काही विचारलं तर बोलायचं नाही. सुस्कारा तर टाकायचाच नाही!"

अकराला बेल वाजली. कालोयान आणि त्याची बायको यानित्सा, नुकतं लग्न झालेलं जोडपं. मागून जिना चढत आली कालोयानची आई वेलिका, काळ्या कोटातली, गुडघे दाबत. पैसे तिच्या गावाकडच्या द्राक्षमळ्याचे होते, म्हणजे शब्दही तिचाच चालणार. त्सोंकाने हे एका नजरेत ताडलं.

"किती उजेड आहे!" यानित्सा आरशासमोर थबकून म्हणाली.

"पूर्वेचा. सकाळी तर डोळे दिपतात," त्सोंका म्हणाली.

"आणि कॉफीचा वास! कालो, इथे टेबल, इथे पाळणा..."

पाळणा! त्सोंकाच्या जिवात जीव आला. पोरगी मनाने राहायला आलीसुद्धा. जोडपं आतल्या खोलीत गेलं, म्हातारी मागोमाग. त्सोंका जरा वळली, टेबलाकडे पाहिलं आणि सवयीने फुलं मोजली.

सहा.

तिने पुन्हा मोजली. सहा. खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, काही नाही. मेलेल्याची फुलं, आणि ती मांडलेली दिवाणखान्यात मधोमध, जिथे ती पोर पाळणा ठेवायला निघाली होती! पटकन एक काढून बाहीत घालावं म्हणून तिने भांड्यात हात घातला.

"हात काढा, बाई," मागून आवाज आला. "मी आत येतानाच मोजली."

वेलिका दारात उभी होती. तिच्या खांद्यावरून सुनेचं तोंड दिसत होतं, पांढरंफटक.

"अहो, एक गळून पडलं असेल..." त्सोंका म्हणाली.

"ट्यूलिप गळत नाही. कोण गेलं या घरात?"

"आई, चला आपण," कालोयान म्हणाला.

त्सोंकाला खोटं बोलायचं होतं. कोणी नाही, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गॅलरीचं दार करकरलं आणि काका काठी टेकत आत आले. संपलं सगळं, असं तिच्या मनात आलं. मेल्या म्हाताऱ्या, सोमवार उजाडेपर्यंत तरी दम धरायचास!

"फूल मी घेतलं," काका म्हणाले. "ओरडू नका तिला. मीच केलंय ते."

"कुठेय?" वेलिकाने विचारलं.

काकांनी कोठीचं दार उघडलं. बरण्यांच्या मधोमध मिन्काचा फोटो, काळी पट्टी त्यांनी काढून टाकलेली, आणि समोर पाण्याच्या पेल्यात एक ट्यूलिप. एकच.

"मेलेल्या माणसाला एक?" वेलिका म्हणाली. "एवढं वय झालं, शिकवलं नाही कोणी?"

"माहीत आहे मला." काका म्हणाले. "पण पंचावन्न वर्षं मी तिला एक आणलं, तीन आणली, पाच आणली. दोन कधीच नाही. एकदम दोन कशी देऊ?"

शेगडीवर कॉफी उतू जाऊन करपत होती आणि त्सोंकाला ती बंद करायचंही सुचलं नाही. तिला एकाएकी स्वतःची लाज वाटली. बाईला लोणच्यात कोंबलं आपण, असं तिला वाटलं.

वेलिका काकांच्या अगदी जवळ गेली. तिच्या बोटात दोन अंगठ्या होत्या, एक तिची, एक नवऱ्याची. "आमचे हे गेले तेव्हा मीही वर्षभर दोन ताटं वाढली," ती म्हणाली. "पण दादा, सरळ विचारते. बाई जिवंत असेल तर घर विकू नका, आम्ही जातो, राग नाही. गेली असेल, तर तिला दोन द्या."

काकांनी त्सोंकाकडे पाहिलं, जणू उत्तर तिच्याकडे होतं. तिने नजर खाली घातली. यात तिला काही मांडता येण्यासारखं नव्हतं. खालून ट्रॉलीबस गेली, तारांची खरखर वर आली, काकांची मान सवयीने खिडकीकडे वळली.

मग काठी टेकत ते टेबलापाशी गेले. भांड्यातून एक ट्यूलिप काढला. देठावरचं पाणी फरशीभर टपकलं. ते कोठीपर्यंत गेले आणि पेल्यात ठेवू लागले, पण देठ दोनदा काठावर आपटला. त्सोंका पुढे झाली. वेलिकाने तिला दंडाला धरून थांबवलं.

"त्यांना करू दे," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा जमलं. फोटोपुढे दोन फुलं झाली. टेबलावर पाच उरली, जिवंत माणसांची. यानित्सा रडत होती आणि रडता रडताच भिंतीची लांबी पावलांनी मोजत होती. वेलिकाने हातातली पर्स टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून व्यवहाराचं बोलायला बसली.

काकांनी तोंड पुसलं, फोटोकडे वाकले.

"मिन्के," ते म्हणाले, "मी खाली जातो गं."