गेज ग्लासची नळी वाकडी दिसली तेव्हा

दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती. मी सवयीनं वर पाहिलं, तर गेज ग्लासची नळी मधेच वाकलेली.

गेज ग्लास म्हणजे बॉयलरला जोडलेली काचेची उभी नळी. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे, ते या नळीत दिसतं. पाणी फार खाली गेलं तर आतलं लोखंड तापून लाल होतं. तशात वरून पाणी सोडलं तर बॉयलर फुटू शकतो. फार वर गेलं तर तेच पाणी वाफेवर फिरणाऱ्या टर्बाइनमध्ये शिरतं आणि टर्बाइन मोडतं. म्हणून बॉयलरवाल्यानं जेवताना पण एक डोळा नळीवर ठेवायचा. सत्तरच्या दशकात मी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर फोरमन होतो. घर उंब्रजला.

काच फुटते, वाकत नाही. मी शेजारची दुसरी नळी पाहिली. तीही तशीच. उजवा डोळा गेला तेव्हा सुरुवात अशीच झाली होती.

त्या डोळ्याच्या पडद्यामागं कच्च्या रक्तवाहिन्या वाढल्या होत्या. त्या झिरपायला लागल्या की पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. मुंबईला प्रखर प्रकाशाच्या किरणानं तिथं डागलं. झिरपणं थांबलं, पण डागलेल्या जागी वण राहिला, आणि नेमकी ती जागा नजरेच्या मधोमध. त्या डोळ्यानं माणसाकडं सरळ पाहिलं तर कान दिसत, खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी राखाडी बोळा. डावा डोळा चांगला होता म्हणून कारखान्याच्या मेडिकल तपासणीत पास झालो.

आता डावाही चालला होता.

मी नळीतली पाण्याची रेघ शोधायला लागलो. जिथं बघावं, तिथंच पुसल्यासारखं. मान तिरकी केली, नळीच्या कडा दिसल्या, रेघ नाही. पाणी खाली आहे की वर, मला कळेना. अंदाजानं पाणी ढकलणारा फीड पंप वाढवावा तर भीती, कमी करावा तर भीती.

"शंकर, हिकडं ये!" मी ओरडलो. शंकर माझा फायरमन. भट्टीत जळणारं उसाचं चिपाड बघत होता.

"पाणी कुठं हाय?"

"निम्म्यावर हाय की, काका."

"ड्रेन उघड. नळी रिकामी कर आणि परत भरू दे, तुंबली न्हाई ना बघू."

त्यानं कॉक उघडला. फस्सकन वाफ आणि पाणी गेलं. कॉक बंद केला.

"आलं का वर?"

"आलं. निम्म्यावरच थांबलं." मग तो जवळ आला. "काका, तुमास्नी दिसंना व्हय?"

त्याला नळीपुढून हलू नको म्हणालो आणि दुसऱ्या फोरमनला बोलावणं पाठवलं. तो येईपर्यंत मी रेलिंग धरून उभा होतो.

चीफ इंजिनिअर वैतागले. "ऐन सीझनमध्ये? सांगलीला जा, थेंब घालून घ्या, परवा ड्यूटीवर या."

"साहेब, मी बॉयलरपुढं उभा राहणार नाही."

"मग काय, राजीनामा देता?"

"दुसरं काम द्या. पण तिथं नाही. खाली पन्नास माणसं असतात."

"आधी डोळा दाखवून या," साहेब म्हणाले.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करून बराच वेळ आत पाहिलं. बायको शेजारी पदर चावत बसली होती.

"झिरपणं नजरेच्या केंद्राच्या काठाला आहे," बाई म्हणाल्या. "लगेच डागलं तर मधलं वाचेल, कदाचित. थोडी नजर जाईलच."

"आन् न्हाई डागलं तर?" बायकोनं विचारलं.

"तर हाही उजव्यासारखा होईल."

मुंबईत पुन्हा तेच टेबल. डोळ्यामागं इंजेक्शन देऊन डोळा बधिर केला. तरी डॉक्टर म्हणाले, "डोकं अजिबात हलवू नका. केसभर सरकलात तर मधेच डाग पडेल." आयुष्यात बॉयलरचीसुद्धा इतकी भीती वाटली नव्हती. मी श्वाससुद्धा चोरून घेत होतो. झगझगीत उजेड झाला, परत झाला, आणि मग नुसताच जांभळा अंधार.

मधलं वाचलं, पण सगळं नाही. वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, खालची बातमी नाही. ओळीतलं एखादं अक्षर गिळल्यासारखं होतं. जिन्याची शेवटची पायरी पायानं चाचपतो. चहा ओततो तो बायको बघत असली तरच.

साहेबांनी गाडीअड्ड्यावर नेमलं. उसाच्या बैलगाड्या मोठ्या असतात, त्या दिसतात. गाडीवान मी आवाजावरून ओळखायचो. एकदा शंकर समोर येऊन हसला म्हणे, मी ओळख दिली नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "काका, मी हाय." तेव्हापासून तो लांबूनच हाक मारतो.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी उजवा डोळा झाकतो आणि दाराची चौकट बघतो. ती सरळ दिसली की मगच घराबाहेर पडतो. तसं बघायला सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. दोन्ही डोळे उघडे असले की एक दुसऱ्याचं झाकून घेतो आणि माणूस गाफील राहतो. तुम्हीही अधूनमधून एकेक डोळा झाकून बघा. चौकट वाकडी दिसली, तर आधी सुतार बोलावू नका.