कुंकू लावलेले मास्क

सोमवार म्हणजे कारखान्याची सुट्टी, म्हणून शालूबाईनं गोधडी धुवायला काढली होती. भिजलेली गोधडी एकटीला कुठली आवरते! अर्धी दोरीवर, अर्धी खांद्यावर अशी ती उभी असतानाच दारात मोटारसायकल थांबली. आकाराम सुपरवायझर. सुट्टीच्या दिवशी हा माणूस घरी आला म्हणजे काही चांगल्याला नव्हे, हे तिला त्याचं तोंड बघूनच कळलं.

शालूबाई नेसरीकडची. लग्न होऊन उचगावात आली आणि पोरं शाळेत जायला लागली तशी फौंड्रीत लागली. लोखंडाच्या वस्तूत जिथं पोकळी हवी, तिथं ओतकामाआधी वाळूचा गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. ते घासूनपुसून नीट करायचं काम बायकांचं. धूळ तेव्हाही नाकातोंडात जायची, पण थोरले मालक कुणी खोकलं तरी थांबून विचारायचे, बायकांच्या डब्यातली भाजी मागून खायचे. आता कारभार त्यांच्या मुलाकडे, राजवीर साहेबांकडे. त्यांनी भिंतीवर ‘आपण सारे एक कुटुंब’ अशी पाटी लावली. मास्क मात्र माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार असली तरच कपाटातून निघायचे. सकाळी वाटायचे, संध्याकाळी मोजून परत.

शालूबाईच्या शेजारी शांतव्वा बसायची. दिवाळीपासून तिचा खोकला हटत नव्हता. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणायचा, घरी चुलीपुढं बसत असशील.

गेल्या शुक्रवारी तपासणी होती. जुने मास्क कुबट झालेले, म्हणून या खेपेला कोरे आणले. कोअर शॉपमध्ये, बायका बसतात त्या खात्यात, अंबाबाईचा फोटो आहे. तिथली रीतच अशी, की नवा ट्रे येवो नाहीतर नवा पंखा, आधी देवीपुढं ठेवायचा. त्यात वार देवीचा. शालूबाईनं सगळे मास्क फोटोपुढं मांडले, एकेकाला कुंकवाचं बोट लावलं आणि मग वाटले.

तपासणीला आलेल्या पुण्याच्या मॅडमनी तेच बघितलं. प्रत्येकीच्या गालाशी तांबडा ठिपका. हे काय, म्हणून त्यांनी हसत विचारलं.

“नवी वस्तू हाय न्हवं, मॅडम,” शालूबाई कौतुकानं म्हणाली. “आज सकाळीच मिळाल्यात.”

“आणि काल?”

तेवढ्यात शांतव्वाला खोकल्याची उबळ आली.

त्या दिवसापासून बायकांचा मधला चहा बंद झाला. राजवीर साहेब ओरडले नाहीत, नुसते समोरून बघत गेले. बायकांनी राग शालूबाईवर काढला. “जा की, साहेबाच्या कपाळालाबी लाव बोटभर, म्हंजे तरी निवंल,” असं एकीनं भर जेवणात सुनावलं, आणि बाकीच्या हसल्या. शालूबाईनं अर्धा डबा तसाच झाकला.

आकाराम आता तेवढ्यासाठीच आला होता. मॅडम उद्या पुन्हा येणार आहेत आणि शालूबाईलाच विचारणार आहेत. तिनं सांगायचं, की मास्क रोज मिळतात, जुने फाटले म्हणून त्या दिवशी नवे दिले. आणि शांतव्वाला घरातच धुराचा त्रास आहे.

“एवढं बोललीस तर साहेब मागचं काढणार न्हाईत,” तो म्हणाला. “न्हाईतर उद्या गेटावरच अडवत्यात, वैनी. माझ्याबी नोकरीचं बघ की जरा.”

शालूबाई दोरीला धरून उभी राहिली. या वयात दुसऱ्या फौंड्रीत कोण घेणार? नवऱ्याचा, बाळासोंचा, टेंपो चार दिवस चालतो, चार दिवस उभा. आकारामही वाईट माणूस नव्हे, त्याची मान खालीच होती.

“देवीम्होरं ठिवून माझ्याच हातानं कुंकू लावलंय, आकारामदादा. त्यावर खोटं बोलाय तोंड उघडत न्हाई,” ती म्हणाली. “आनि शांतव्वा काय खोटं खोकती व्हय?”

त्यानं गाडीला किक मारली आणि तो गेला.

उद्या गेटावर काय होईल, ते अंबाबाईला ठाऊक. आत जाऊ दिलं तर खरं सांगायचं, न दिलं तर बाहेर थांबून सांगायचं, एवढं तिनं मनाशी धरलं. पण खोकला धुराचा की धुळीचा, हे साहेबाच्या नव्हे, डॉक्टरच्या तोंडून यायला हवं होतं. तिनं हात पुसले, चपला घातल्या आणि शांतव्वाला घेऊन छातीचा फोटो काढायला सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, निघाली.