आतून उघडणारं दार

ऑरव्हल ट्वेटला माझ्याकडून ट्रेलर घ्यायला तीन उन्हाळे लागले. तीन! तेवढ्या वेळात मी साउथ डकोटातल्या निम्म्या मोटरसायकलवाल्यांना गाड्या वाहून न्यायचे ट्रेलर विकून मोकळी झाले. ऑगस्टच्या मोटरसायकल मेळाव्याला निघालेली गिऱ्हाइकं येतात, लांबी विचारतात, उगाच चाकाला लाथ मारून बघतात आणि तासाभरात ट्रेलर ट्रकला जोडून जातात. हा बाबा यायचा, एकेका बंद ट्रेलरमध्ये शिरायचा, बाजूचं दार ओढून घ्यायचा आणि कितीतरी वेळ बाहेरच यायचा नाही. मग डोळे चोळत उतरायचा. "हा नको, आर्डिथ."

"अरे, पण का नको ते तरी सांगशील?"

"नको."

बस. पुढे एक अक्षर नाही. माझ्या डोक्याला नुसता ताप.

तो आमच्या गावात आला बावीस वर्षांपूर्वी, धान्याच्या कोठारावर कामाला. माणूस सरळ, पण विक्षिप्त. चर्चमध्ये दाराजवळच्या बाकावर बसायचा आणि बाहेर बर्फ पडत असलं तरी दार पुरतं लावू द्यायचा नाही. त्याच्या ट्रकमधला रेडिओ त्याने काढून टाकला होता. त्या जागी नुसतं भोक. लग्न नाही, मूलबाळ नाही. घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक लाल मोटरसायकल होती, तिच्यावर तो कधी बसला नाही. आम्ही पाठीमागे त्याला 'दारवाला' म्हणायचो. ते नाव मीच पाडलं होतं, आता लाज वाटते.

यंदा जूनमध्ये भर दुपारी आला आणि म्हणाला, "आर्डिथ, या खेपेला घ्यायलाच हवा." चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, नजर अधू झालेली. शरद लागला की त्याचं लायसन्स जाणार होतं. ताडपत्रीखालची गाडी त्याच्या धाकट्या भावाची होती, लाइफची; तो वारल्यापासून ती ऑरव्हलकडेच पडून होती. लाइफची मुलगी सिग्ने मोंटानात असते. तिने पत्र पाठवलं होतं: बाबांची गाडी मला हवी, आणि काका, ती तुम्हीच आणायची.

"मग उघडा ट्रेलर ने की. हलका, वाऱ्याला अडत नाही."

"बंदच हवा. लाइफला गाडीवर धुळीचा कण खपायचा नाही."

मी त्याला बारा फुटी दाखवला. पुढच्या चाकाला पक्की खाच, पट्टे अडकवायला तळाला चार कड्या, आणि मागचं दार खाली सोडलं की तोच गाडी चढवायचा उतार. त्याने यातलं काहीसुद्धा पाहिलं नाही. बाजूच्या दाराला बाहेरून लावायचा लोखंडी अडसर असतो, त्यावर हात ठेवून म्हणाला, "हा लावला, की आतून उघडतं?"

अठ्ठावीस वर्षं धंदा करतेय, हे कुणी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

"मग असं कर. मी आत जातो, तू अडसर लाव. माझा ट्रक चालू कर, काचा वर घे आणि आवारात एक फेरी मार."

वेड्याच्या नादी कशाला लागायचं, पण लागले. बाहेर रणरणतं ऊन, गवताचं पातं हलत नव्हतं. अर्धी फेरी झाली आणि मागून आवाज आला. ठक, ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा तीनदा. मग काहीच नाही. ट्रक तसाच उभा करून धावले, अडसर काढला. तो दाराला चिकटून उभा होता, घामाने निथळत.

"ऐकू आलं?"

"आलं ना!"

"मी ठोकतोय हे तुला माहीत नसतं, तर काय वाटलं असतं?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण माझी मेली जीभ! "पट्ट्याची कडी सुटून पत्र्यावर आपटतेय, असं वाटलं असतं."

तो पायरीवर खाली बसला. "मलाही तेच वाटलं होतं," म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. एकतीस वर्षांपूर्वीचा जुलै, भर उन्हाळा. लाइफला मोंटानात नोकरी लागली होती, बायको आणि मुलगी आधीच गेलेल्या. उरलेलं सामान दोघे भाऊ दोन ट्रकमधून नेणार होते, लाल गाडी ऑरव्हलच्या बंद ट्रेलरमध्ये. निघता निघता लाइफ पट्टा आवळायला आत शिरला.

"अडसर लोंबताना दिसला आणि मी लावला," ऑरव्हल म्हणाला. "आपला जन्म गुरांत गेला, आर्डिथ. उघडं फाटक दिसलं की हात आपोआप कडी लावतो. आत कोण आहे हे बघायला डोळे जातच नाहीत."

लाइफचा ट्रक गोठ्यामागे, नजरेआड उभा होता. ऑरव्हलला वाटलं, तो पुढे गेला. आमच्याकडे निघताना कोण कुणाला सांगतं?

"अर्ध्या तासाने आवाज सुरू झाला. म्हटलं कडी असेल, पंपावर बघू. तोवर रेडिओ मोठा केला."

"मग पंपावर?"

"पंपावर पोचेपर्यंत आवाज बंद झाला होता. मला बरं वाटलं गं. म्हटलं, चला, बसली जागेवर."

नऊ तासांनी तो पोचला तेव्हा सहा वर्षांची सिग्ने अंगणात उभी होती. दार तिनेच उघडलं.

त्या आठवड्यात मी दुसरं काम हातात घेतलं नाही. तो बारा फुटी घेतला आणि बाहेरून अडसर लावला तरी आतून उघडेल अशी मूठ बसवून घेतली. ऑरव्हलने आत राहून ती वीसदा उघडून पाहिली. लाल गाडी मी स्वतः बांधली. एकेका कडीला रबर आणि चिंध्या गुंडाळल्या. आपटेल असं आत काही म्हणजे काही ठेवलं नाही.

सकाळी दहाला तो निघाला. मी फाटकाशी उभी. ट्रेलर माझ्यासमोरून गेला आणि आतून आवाज आला. ठक, ठक, ठक. शपथेवर सांगते, या कानांनी ऐकला.

ट्रक थांबला. ऑरव्हल खाली उतरला. दचकला नाही की घाईही केली नाही. बाजूचं दार उघडलं आणि कुणाला उतरायला जागा द्यावी तसा बाजूला सरकून उभा राहिला. मग दार लावलं, आत डोकावून, नीट बघून. निघाला. पुढच्या वळणावर ब्रेकचे लाल दिवे पुन्हा लागलेले दिसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिग्नेचा फोन आला. नऊ तासांच्या वाटेला काकांना दोन दिवस लागले, म्हणाली.

"पण पोचला ना? बरा आहे ना?"

"हो. गाडी उतरवली. पण ट्रेलरचं दार लावू देत नाहीत. म्हणतात, लाइफ वाटभर ठोकत होता आणि आमच्या फाटकापाशी ठोकायचा थांबला. उतरला म्हणून थांबला, की मागच्या वेळेसारखा थांबला, ते त्यांना कळत नाहीये. खुर्ची टाकून दाराशी बसलेत."

"आणि तू?"

"मी त्यांच्याजवळच आहे," सिग्ने म्हणाली. "दार धरून उभी आहे. इकडे वारं फार आहे."