केडीबाबा आणि पिंकीचा डावा हात

केडीबाबा खेळणाऱ्याकडे पाठ करून बसायचे आणि नुसत्या काठीच्या आवाजावर सांगायचे, मनगट कुठं सुटलं ते. "वर सुटलं. वाया गेलं." मुंबईला गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांची पिशवी उभा जन्म वाहिली, ती वाहणाऱ्याला तिथं केडी म्हणतात, म्हणून त्यांना सगळे केडीबाबा म्हणायचे. पोरं टवाळी करायची, "बाबा, तुम्ही कधी खेळलात का?" ते म्हणायचे, "खेळायचा साहेब, चूक दिसायची मला."

शेलार गावात माझ्या आईच्या घराला लागूनच त्यांचं घर. मी सातवी नापास, मला गोल्फ काय ठाऊक? माझी पिंकी पाच वर्षांची, पायरीवरून पडली, डाव्या हाताचं हाड मोडलं. प्लास्टर काढलं तर तळवा वर वळेचना. ओंजळ कर म्हटलं की उजवा वळायचा, डावा तसाच आडवा. डॉक्टर म्हणाले, रोज थोडा थोडा फिरवा, दिवाळीपर्यंत नाही वळला तर ऑपरेशन. मी मान हलवली. पण पोर किंचाळायची, मी फिरवलाच नाही, ओढणीनं छातीशी बांधून ठेवला. डॉक्टरला सांगितलं, करते. नवऱ्यालाही तेच, तो बिचारा बारा तास लूमवर, कापडाच्या मागावर.

आईकडे गेले तर केडीबाबांनी अंगणात पिंकीकडे एकदाच बघितलं.

"बाय, हात बांधून ठेवतेस ना तू?"

मी पिंकीला जवळ ओढलं. "दुखतो हो तिला."

"डाक्टर काय बोलला?"

सांगितलं. सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. ते ओरडतील वाटलं. ते म्हणाले, "मग डाक्टरचंच करायचं. फकस्त खेळात."

त्यांनी बांबूची हलकी कामटी तासली, लूमवरच्या सुताच्या गुंत्याचा चेंडू केला. कामटी दोन्ही हातांत, डावा वर, उजवा खाली. "आवळू नको गं. आई भाकरी थापते तेव्हा पीठ आवळते का? तसं धर." कामटी खाली येईपर्यंत मनगट दुमडलेलं ठेवायचं आणि चेंडूपाशी सोडून द्यायचं. मग डावा हात आपोआप उलटतो, तळवा आभाळाकडे जातो. "मुद्दाम वळवायचा न्हाय. मुद्दाम केलं की अडतो." कामटीचा सुंई आवाज वर, खांद्यापाशी आला तर चूक. खाली, चेंडूपाशी आला पाहिजे.

पिंकी हसायची, मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. बाबा बघायचे. "तुझी आई खेळ बघाया आलीय का मयताला?"

महिनाभर मी नवऱ्याच्या शिव्या खाऊन आईकडेच राहिले. तळवा वळायला लागला, पण अर्धाच. आणि दिवाळीला पंधरा दिवस राहिले तेव्हा बाबांनी खाट धरली. छातीत पाणी झालेलं. मी पिंकीला घेऊन गेले ती नुसती बघायला, तर म्हणाले, "कामटी कुठंय?"

"राहू द्या बाबा, तुम्ही बरे झालात की..."

"मी उठत न्हाय आता. तू धर तिचा कोपर अंगाशी, म्हंजी फकस्त हात वळंल."

"मला नाय जमणार. ती रडते."

"रडू दे. धर."

मी धरला. पिंकीनं मागं वळून माझ्याकडे बघितलं. पहिला आवाज वर आला. बाबांनी डोळे मिटून मान हलवली, नाही. दुसराही वर. तिसऱ्याला पिंकी रडायला लागली, मी सोडणार होते, बाबा तसेच कान देऊन पडलेले. मी कोपर धरून ठेवला. सुंई. खाली, जमिनीजवळ.

"आला," ते म्हणाले. "असाच रोज."

चौथ्या दिवशी बाबा गेले.

डॉक्टरनी दिवाळीनंतर हात वळवून बघितला, म्हणाले, ऑपरेशन नको, पण करत राहा, अजून बोटभर राहिलाय. आता बाबा नाहीत. मला त्यांच्यासारखं पाठ फिरवून कळत नाही, मी जवळ वाकून कान लावते. ती अजून रडते. तरी कोपर धरते.