खोलगट दगड

सोयाबीन कापणीला आलं की आसेगावात भागिरथाबाईच्या अंगणात दोन दगड निघायचे. विळा आधी खरबरीत तांबड्या दगडावर घासायचा, मग गुळगुळीत काळ्यावर त्याला बारीक धार चढायची. घासायचे तिचे मालक, उकंडराव. ती शेजारी बसून गडव्यानं पाणी सोडायची. दगड पुरता भिजला की मान वर न करता ते म्हणायचे, "पुरे." तासभर दोघांत बोलणं काय ते एवढंच.

उकंडराव गेले त्याला वर्ष होत आलं. यंदा विळे घेऊन मुलगा बसला, सतीश.

"माय, काळा दगड मधात खोल गेला. धार सारखी बसत नाही. फरशीवर घासून सपाट करून देतो."

"हात लावू नको त्याले," ती तडकली. "तुह्या बापानं घासू घासू खोल केला तो. तुले पायजे तर शेलूबाजारातून नवा आन."

सतीश गाडी काढून गेला.

भागिरथाबाईनं दगड पुढ्यात ओढला. खोलगट जागेवरून तळहात फिरवला आणि सवयीनं गडवा कलता केला. खळगा भरला, पाणी काठावरून मातीत ओघळलं, तरी ती ओततच राहिली. पुरे म्हणायला कोणी नव्हतं.