पालथं कार्ड

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई टॅरो कार्डं बघतात. कार्डं मांडण्याआधी टेबल ओल्या फडक्यानं पुसतात, चष्मा डोक्यावर सरकवतात आणि दर वाक्याला "हं, बघू" म्हणतात. भविष्य मात्र सांगत नाहीत. चार कार्डं उलटतात, पाचवं पालथंच ठेवून विचारतात, "इथं काय निघावंसं वाटतं?" मग समोरचं माणूस बोलेपर्यंत गप्प बसतात.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शिक्षणानंच मला तालुक्याच्या गावातून इथवर आणलं, म्हणून माझा कार्डांवर विश्वास नाही. पण मला इथल्या इंग्रजीच्या ढंगात "ओके लाह, आई" एवढ्यावर उडवून लावणारी माझी सतरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे तासभर बसते, तेही मराठीत बोलत.

परवा तिला जेवायला बोलवायला गेले. दार उघडंच होतं. पालथ्या कार्डावर बोट ठेवून ती म्हणत होती, "मावशी, मला इंजिनिअरिंग नकोय. आईला कसं सांगू?"

बाईंनी मला दारात पाहिलं. "हं, बघू, चहा टाकते," म्हणत त्या उठल्या आणि जाताना स्वतःची खुर्ची माझ्याकडे वळवून गेल्या.

मी बसले. तिचे मार्क, भरलेला फॉर्म, माझे कष्ट, सगळं ओठांवर आलं होतं. ते गिळून मी विचारलं, "तुला इथं काय निघावंसं वाटतं?"

शब्द बाईंचेच होते. मुलगी बोलू लागली, मराठीत. आनंद व्हायच्या आधी मला बाईंचा हेवाच वाटला.