बाबांच्या गॅरेजात चायना हेड

मोताळ्यात बुलढाणा रस्त्याला आमचं गॅरेज आहे. ते बाबांनी उभं केलं. अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांचा उजवा हात गेला, तेव्हापासून मी चालवते. चालवते म्हणजे नुसती खुर्चीवर बसून देखरेख करत नाही. इंजिन मी खोलते आणि मीच बांधते. आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "काऊन आली वं इकडं? शिवणाचा वर्ग भरला का?" मी वळून पाहिलं नाही. वर्षअखेरच्या परीक्षेत खोललेलं इंजिन बांधायचं होतं, आणि सगळ्यांच्या आधी माझं सुरू झालं. तेवढं उत्तर मला पुरेसं वाटलं.

बाबांच्या गॅरेजात डुप्लिकेट माल चालत नसे. त्याला कारण होतं. तरुणपणी त्यांनी एका मळणीयंत्राच्या इंजिनात स्वस्तातले बोल्ट बसवले होते. भर कामात ते तुटले, आतला दांडा इंजिन फोडून बाहेर आला आणि शेजारी उभ्या असलेल्या मजुराच्या पायावर बसला. तो माणूस जन्मभर लंगडला. बाबा हे कुणाला सांगत नसत. मला आईने सांगितलं होतं.

अशा गॅरेजात एका सकाळी एक मावशी आपला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला दोराने बांधून ओढत घेऊन आल्या. तालुक्यातल्याच एका खेड्यात त्यांचा भाजीपाल्याचा मळा. नवऱ्याची कंबर धरलेली, म्हणून ट्रॅक्टर त्याच चालवायच्या. स्वतःची वांगी, मिरच्या आणि शेजाऱ्यांचाही माल भरून दर आठवड्याला बाजारात आणायच्या. बाईमाणूस ट्रॅक्टर चालवते म्हणून त्यांना गावात कोणी काय म्हटलं असेल, ते त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

रेडिएटरचं पाणी आटलेलं कळलं नाही आणि इंजिन तापून बंद पडलं होतं. मी खोललं. दोन सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरचं तोंड वरून बंद करणारं वेगळं हेड. दोन्ही हेडं व्हॉल्व्हच्या मधोमध तडकलेली. लायनर आणि पिस्टनही गेलेले. बाकी इंजिन मात्र ठणठणीत होतं.

"शोरूमवाला म्हणते, हे मॉडेल बंद झालं, याचे हेड आता येत नाई. नवा ट्रॅक्टर घ्या म्हणते," मावशी म्हणाल्या. "पोरी, तू सांग. याले भंगारात देऊ का?"

"नका देऊ," मी म्हटलं. "मी बांधतो."

दोन वाटा होत्या. भंगार बाजारात जुनी ओरिजनल हेडं मिळत होती, पण तडा वेल्डिंगने बुजवलेली. ओतीव बिडाचं हेड एकदा तडकलं की वेल्डिंग किती दिवस धरेल याचा भरवसा नसतो. दुसरी वाट, चीनमधून येणारी नवी हेडं. त्याच बनावटीचं इंजिन परदेशात अजून चालतं, म्हणून तिकडे ती अजून ओतली जातात. ओरिजनल मिळत होती तेव्हाच्या निम्म्या किमतीत ती अकोल्याला मिळायची.

मी बाबांना सांगितलं. ते दारातल्या खुर्चीवर बसले होते. दोन गिऱ्हाईकं बाजूला होती.

"माह्या गॅरेजमंधी चायना माल बसन नाई," बाबा म्हणाले. "वेल्डिंगवाले घे. जुने असले तरी ओरिजनल हायेत."

"तडकलेलं ओरिजनल घेऊन काय करू बाबा? मी नवीन हेड तपासून घेतो."

"काय तपासतं तू? वरून चकाचक दिसते, अन् अंदरून कसं हाय ते कोनाले मालूम?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमी ते बोल्ट तपासले होते का?"

बाबांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली. मग उठून घरात गेले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी तसं बोलायला नको होतं, गिऱ्हाइकांसमोर तर नाहीच. पण हेडांचा निर्णय मी बदलला नाही.

मावशींना सगळं सांगितलं, धोकाही सांगितला. त्या म्हणाल्या, "तुले पटते ना? मंग आन." मी तडकलेलं एक हेड पोत्यात बांधलं, खांद्यावर घेतलं आणि दोन बस बदलून अकोल्याला गेले.

दुकानदाराने दोन खोकी पुढे सरकवली. मी खोलू लागले तसं त्याने हात आडवा घातला. "डब्बा खोलायचा नाही, बाई. घ्यायचं तर असंच घ्या."

"मंग नाई घेत. जितके खोके आहेत तितके काढा. मी पाहीन आणि त्यातले दोन नेईन."

"भांडी घ्यायला आल्या का, वाजवून पाहायला?"

"भांडं असतं तर वाजवूनच घेतलं असतं," मी म्हटलं, आणि पिशवीतून पोलादी पट्टी काढली. दुकानातले लोक जमले. त्याला त्यांच्यासमोर नाही म्हणता येईना.

सहा हेडं निघाली. पट्टी सपाटीवर आडवी-तिरपी ठेवायची आणि खालून उजेड दिसतो का ते पाहायचं. दोन हेडांखालून उजेड आरपार दिसला. एकाच्या पाण्याच्या वाटेत ओतकामाची वाळू तशीच घट्ट बसलेली. एकाचा व्हॉल्व्ह आपल्या नळीत, गाईडमध्ये, डुगडुगत होता. उरलेली दोन मी जुन्या हेडाशी भोक न् भोक जुळवून घेतली आणि पोत्यात भरली. दुकानदाराने पैसे मोजून घेतले. निघताना त्याने विचारलं, "गॅरेज कोणाचं आहे?"

"माझं," मी म्हटलं. तसं मी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

नवी म्हणून ती हेडं तशीच बसवली नाहीत. लेथवाल्याकडे सपाटीवरून यंत्राचा एक हलका हात फिरवून घेतला. आतल्या वाटा तारेच्या ब्रशने घासून, पाण्याच्या जोराने धुतल्या, तरी मूठभर वाळू निघाली. व्हॉल्व्ह बंद करून वरून रॉकेल ओतलं तर दोन ठिकाणी पाझरलं. पेस्ट लावून ते दोन्ही व्हॉल्व्ह हाताने घासले आणि पाझर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा रॉकेल ओतून पाहिलं. बाबा खुर्चीवरून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. "व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मोजल्या का?"

"मोजल्या."

"जुन्याच्या बरोबर?"

"बरोबर."

एवढंच. बाजारात मिळणारे नवे लायनर-पिस्टन घालून मी इंजिन बांधलं. मावशींनी स्वतः चावी फिरवली. दोनदा धूर टाकून इंजिन लागलं आणि मावशींनी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या तोंडाला पदर लावला.

बारा दिवसांनी ट्रॅक्टर परत आला. मागच्या हेडाजवळून पाणी गळत होतं. बातमी माझ्या आधी गावभर झाली. पलीकडच्या गॅरेजचा मिस्त्री मुद्दाम चहा पीत आमच्या दारात आला. "म्हटलं होतं ना, चायना माल हाय. आता पूर्ण इंजिन जाईन."

मी सगळ्यांसमोरच खोललं. हेडाला काही झालं नव्हतं. पाण्याच्या वाटेवर रुपयाएवढं पत्र्याचं झाकण असतं, ते सैल बसलेलं होतं. सगळं तपासलं आणि नेमकं ते मी ठोकून पाहिलं नव्हतं. मी मावशींना म्हटलं, "मावशी, चूक माझी आहे. हेडाची नाही." त्या म्हणाल्या, "चुकलं त दुरुस्त कर. मले बाजाराले जायचं हाय."

मिस्त्री हसायला लागला. तेव्हा बाबा खुर्चीवरून बोलले, "काय झालं हसाले? झाकन गेलं, हेड नाई. तुह्या हातून कधी पानी नाई गयलं का बे? जाय आपल्या कामाले."

मी दोन्ही हेडांची झाकणं बदलली. त्याला दोन हंगाम झाले, तो ट्रॅक्टर आजही चालतो आहे.

आता लोक येतात आणि म्हणतात, तेच स्वस्तवालं बसवा. मी सगळ्यांना हो म्हणत नाही. मागे दुसऱ्या एका ट्रॅक्टरसाठी आणलेलं कंपनीच्या सीलबंद खोक्यातलं हेडही वाकडं निघालं, तेही मी परत पाठवलं. त्यावर बाबा म्हणाले, खोकं बदललं असेल, कंपनीचा माल वाकडा नसतो. ते चायनाला अजूनही चायनाच म्हणतात. त्या बोल्टांवरून बोलले त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. हेडांबद्दल मागितली नाही आणि मागणारही नाही. जेवताना आमचा वाद होतो, आई दोघांनाही गप्प बसवते, आणि सकाळी गॅरेज उघडलं की कोणता माल बसवायचा ते मी ठरवते.